नांगराची बातमी

दरवर्षी आषाढ सरला की आमच्या मंडळाची मंडळी जोडीजोडीने बाहेर पडतात. हातात पावतीपुस्तक, पिशवीत गेल्या वर्षीची स्मरणिका. खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, वडगाव आणि मग उद्यमबाग. दुकानदार नि कारखानदार आपलेच असतात. चहा होतो, अर्धे पान की पाव पान यावर थोडी ओढाताण होते आणि जाहिरात मिळते. यंदा मात्र उद्यमबागेतल्या एका जुन्या कारखान्यात चहा पिताना मालकांनी एक प्रश्न विचारला आणि आम्हाला उत्तर देता आले नाही.

"काय ओ, तीस वर्षं झाली जाहिरात देतोय तुम्हाला. पेपरलाही देतो. पण आमच्या कारखान्याची बातमी कधी आली काय? इथून माल परदेशात जातोय, पन्नास घरं चालतात यावर. एक ओळ नाही. बातमी कशी द्यायची असते, ते तरी सांगा बघू."

परतताना आम्ही त्यावरच बोलत होतो. आमच्यातल्या एकाने सांगितले, त्याच्या धाकट्या भावाने नवे यंत्र बसवले तेव्हा तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत माहिती घेऊन गेला होता. तिथे त्याला जाहिरात विभागाचा रस्ता दाखवण्यात आला; "आधी पान बुक करा, बातमीचं मग बघू," असे उत्तर मिळाले. त्याने पान बुक केले, बातमीही आली. पण ती वाचून ओळखीचा एकही माणूस काही बोलला नाही. जाहिरातच ती, फक्त चौकटीबाहेरची.

धंद्याची बातमी वर्तमानपत्रात जाते कशी, पूर्वी ती कशी जात असे, आणि आपल्या गावचा या इतिहासाशी काय संबंध, हे शोधावे असे तेव्हा ठरले. थोडे वाचले, थोडे आठवले, थोडे जुन्या मंडळींना विचारले. त्यातून हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

व्यापार आणि वृत्तपत्र

मराठी वृत्तपत्राचा आरंभ आपण बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'पासून मोजतो. ६ जानेवारी १८३२ हा त्याचा पहिला दिवस. एक रकाना इंग्रजी आणि एक मराठी अशी त्याची रचना होती. पुढे १८४१ मध्ये भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' निघाला, आणि १८४८ पासून त्यात लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. 'शतपत्रे' म्हटली की आपल्याला समाजसुधारणेची कडक भाषा आठवते. पण त्या पत्रांतला एक धागा व्यापाराचा होता. आपला कच्चा माल बाहेर जातो, पक्का होऊन परत येतो आणि मधला नफा परक्याच्या खिशात जातो. तेव्हा आपण आपल्याच देशात माल करावा नि तोच वापरावा, हे त्यांनी स्वदेशी चळवळीच्या अर्धशतक आधी लिहिले.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळी धंद्याविषयी वृत्तपत्रात छापून आले ते कोणा एका दुकानाचे कौतुक म्हणून नव्हे. वाचकाच्या स्वतःच्या घरातला पैसा कुठे जातो, हा प्रश्न त्यात होता. कापडाचा तागा घेणाऱ्या प्रत्येकाशी त्या मजकुराचा संबंध पोचत होता.

पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातकताईच्या सुताची खादी लेवून गेले. स्वदेशी मालावर भाषणे तेव्हाही होत असतील. पण राजेरजवाड्यांच्या रेशमी गर्दीत एक वकील जाड्याभरड्या कपड्यात उभा राहतो, हे दृश्य लोकांच्या ध्यानात राहिले. बातमी हवी तर आधी काहीतरी घडावे लागते, हे काकांना ठाऊक असावे.

पुढे १८९० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली. रानड्यांची पद्धत वेगळी. शेतीवरचा भार, मोडलेले हातउद्योग, भांडवलाची टंचाई, व्याजाचे दर असा सगळा हिशेब ते मांडत. उद्योगाविषयी लिहायचे तर आकडा हवा, ही शिस्त मराठी पत्रकारितेला लागली त्यात रानड्यांचा वाटा मोठा आहे.

एक पैसा आणि लाखो वाचक

यानंतरचा टप्पा पैसाफंडाचा. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या मनात आले की प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा, आणि त्या पैशातून देशात उद्योग काढावेत. कल्पना ऐकणाऱ्याला हसू यावे इतकी साधी. काळे गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठिंबा दिला आणि 'केसरी'चे बळ त्या कल्पनेमागे उभे केले. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उठली, तेव्हा हा निधी वाढला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचेचे काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे तज्ज्ञ होते. तिथे काम शिकलेली माणसे पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली.

या कारखान्याविषयी वृत्तपत्रांनी का लिहिले? कारण तो वाचकाचा होता. ज्याने एक पैसा दिला त्याला आपल्या पैशाचे काय झाले हे जाणून घ्यायचे होते. भट्टी पेटली का, पहिली चिमणी कशी निघाली, तडकली की टिकली, यात त्याचा जीव गुंतला होता. संपादकाला 'ही बातमी छापा' असे कोणी विनवण्याची गरज नव्हती. छापली नसती तर वाचकांनीच विचारले असते.

पण हे सगळेच उद्योगांच्या वाट्याला येत नाही. एकट्या माणसाने स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या धंद्याचे काय? ती हकीगत सांगायला आम्हाला पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. ती आपल्याच गावातली आहे.

बेळगावचे सायकलचे दुकान

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची ओढ म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले; पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईत सायकली विकत घेऊन ते बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे धाडत, आणि रामूअण्णा त्या विकत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर घराणे आपल्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मोजते, तो या व्यवसायापासून. पुढे हक्काची बढती डावलून ती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. आपल्या गावात किर्लोस्कर रोड आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

सायकलीनंतर आला कडबा कापण्याचा अडकित्ता आणि मग लोखंडी नांगर. आजच्या भाषेत बोलायचे तर हा 'नवा प्रॉडक्ट' होता. लाकडी नांगर जमीन वरवर खरवडतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथी करतो, हरळीची मुळे वर काढतो. त्या वेळी विलायती लोखंडी नांगर येतही होते, पण महाग. लक्ष्मणरावांचा नांगर इथल्या मातीसाठी, इथे घडवलेला. तरीही तो खपेना. लोखंड जमिनीला विषारी होते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर विकायला दोन वर्षे गेली, असे त्यांच्या चरित्रकथेत सांगतात.

आता या ठिकाणी आपण उद्योजकाच्या जागी उभे राहून पाहू. माल चांगला आहे, स्वस्त आहे, देशी आहे. वर्तमानपत्रात लिहून आले तर उपयोग होईल का? लिहून काय येणार? 'बेळगावात उत्तम नांगर तयार होतात' एवढेच. आणि ज्याने नांगर घ्यायचा तो शेतकरी बहुधा वाचणारा नव्हता. त्याला पटणार होते ते शेजारच्या शेतातले पीक. म्हणजे पहिली बातमी शेतात तयार व्हायला हवी होती. एका शेतकऱ्याने नांगर चालवला, जमीन जळली नाही, उलट पीक वाढले, की दुसरा बांधावर येऊन पाही. नांगर खपू लागले ते या पायाने.

मग अडचण आली ती जागेची. नगरपालिकेला ठळकवाडीकडे वस्ती वाढवायची होती, त्यासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. बेळगावच्या दृष्टीने ही हानी किती मोठी ठरली, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नसेल. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना औंधात देवळाच्या सभामंडपाचे काम दिले होते. त्यांनीच आता कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने माजलेला माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. रामूअण्णा, शंभोराव जांभेकर अशी मोजकी माणसे सोबत होती. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि त्याच वर्षीच्या छापखान्यांच्या कायद्याने सरकार पत्रांकडून जामिनकीच्या रकमा मागू लागले होते. वृत्तपत्रे स्वतःच जीव मुठीत धरून होती. एका माळावरच्या कारखान्याकडे पाहायला त्यांना उसंत कुठून असणार!

'खबर' निघते

इथे आमच्या विषयाचा गाभा येतो. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंचा धंदा मर्यादित कंपनी झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे आपले 'शंवाकि', यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. शंकरराव मूळचे चित्रकार. कारखान्यात जाहिरातीचे आणि विक्रीचे काम त्यांच्याकडे होते. गावोगावच्या गिऱ्हाइकांना, अडत्यांना कारखान्याची हालहवाल कळावी, नांगर कसा वापरावा, कुठला भाग कसा बदलावा, कोणत्या गावी काय अनुभव आला, हे सांगण्याचे ते साधन होते. जी हकीगत दुसऱ्याच्या पत्रात मावत नव्हती, तिच्यासाठी त्यांनी स्वतःचे पत्र काढले.

यात सोपा धोका होता. मालकाचे पत्र मालकाचीच आरती करते, आणि आरती दुसऱ्याने ऐकत बसावे असे कोणाला वाटत नाही. शंकररावांच्या लवकरच ध्यानात आले की निव्वळ कारखान्याच्या वर्तमानासाठी माणूस महिनाभर वाट पाहणार नाही. मग त्यांनी पाने बाहेरच्या जगाला उघडी केली. उद्योगावर लेख आले, उद्योग करणाऱ्या दुसऱ्यांची चरित्रे आली, कथा आल्या, आरोग्य आले, रूढींवर टीका आली. १९२९ मध्ये नावातली 'खबर' गळाली आणि नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे आली. आमच्या पिढीच्या आजीच्या कपाटात 'स्त्री'चे बांधीव अंक असत. ते मुळात नांगराच्या कारखान्यातून निघालेले मासिक, हे आम्हाला पुष्कळ वर्षे माहीत नव्हते.

या गोष्टीकडे आम्ही पुनःपुन्हा आलो. कारखान्याने वाचकाला आधी वाचक म्हणून मान दिला, तेव्हा कारखान्याचे नाव आपोआप घरात शिरले. 'आमचा नांगर घ्या' असे हजारदा सांगून जे झाले नसते, ते 'तुम्हाला काय वाचायला आवडेल' असे विचारून झाले. किर्लोस्करवाडीला कुंपणाची भिंत नव्हती, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी विश्वासाने पहाऱ्याचे काम दिले, अशा हकिगती आजही लोक सांगतात. त्यांत नांगराचा भाव कुठेच नाही. पण त्या ऐकल्यावर नांगर कसा असेल याविषयी मनात शंका उरत नाही.

बातमीची दुसरी बाजू

इतके वाचून उद्योजकांची बाजू आम्हाला पुरती पटली होती. तेवढ्यात आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले, "आणि कामगाराची बातमी कोण देत होतं?" प्रश्न रास्त होता.

मुंबईच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोरात होत्या. त्यांच्या नफ्यातोट्याचे वृत्त इंग्रजी पत्रांतून येई. पण भोंगा किती वाजता होतो, सुट्टी कधी मिळते, पगार किती दिवस अडतो, हे छापले ते 'दीनबंधू'ने. महात्मा फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये हे पत्र काढले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालवले. लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेतली, संघटना बांधली, आणि १८९० मध्ये रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य झाली. आज आपण रविवारी सकाळी पेपर वाचत पाय पसरून बसतो, त्या सुट्टीमागे एका संपादकाची लेखणी आहे.

धंद्याची बातमी म्हणजे मालकाची बातमी, असे मानले की ती अर्धी होते. पत्रकार दुसरी बाजू विचारतो तेव्हा उद्योजकाला वाईट वाटते. 'मी चांगले सांगायला आलो आणि हा उलट प्रश्न विचारतो' असे होते. पण ज्या बातमीत उलट प्रश्नाला जागा नाही, ती वाचणारा मनातल्या मनात जाहिरातीच्या खात्यावर टाकतो. आमच्या सभासदाच्या भावाच्या बातमीचे नेमके हेच झाले होते.

पैसे घेऊन बातमी छापण्याचा रोग पुढे किती वाढला हे आपण पाहिले आहे. २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांच्या स्तुतीचे मजकूर बातमी म्हणून छापले गेल्याचा बोभाटा झाला, त्यात महाराष्ट्रही होता. भारतीय प्रेस परिषदेने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. निवडणुकीची गोष्ट मोठी म्हणून ती गाजली. गावोगावच्या दुकानाच्या, दवाखान्याच्या, क्लासच्या बाबतीत तेच रोज होते, त्याविषयी कोणी बोलत नाही. देणाराही गप्प, घेणाराही गप्प. आणि खरोखर सांगण्यासारखे ज्याच्याकडे काही आहे, पण द्यायला पैसे नाहीत, तो बाहेर राहतो.

आपले गाव

बेळगावला वर्तमानपत्रांची उणीव कधी नव्हती. एकोणिसाव्या शतकात 'बेळगाव समाचार' होता. १९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी 'तरुण भारत' काढला. १९१६ मध्ये लोकमान्यांनी इथेच होमरूल लीगची स्थापना केली आणि १९२४ मध्ये महात्माजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. देशभरचे बातमीदार तेव्हा या गावात उतरले. पुढे सीमाप्रश्न आला आणि आपल्या मराठी पत्रांची बहुतेक शाई त्यात गेली. ते समजण्यासारखे आहे. भाषेचा प्रश्न जिव्हाळ्याचा होता आणि आहे. तो मांडला नसता तर त्या पत्रांना मराठी म्हणवून घेण्यात अर्थ नव्हता.

पण त्या गदारोळात एक गोष्ट निसटली. याच गावात फौंड्र्या उभ्या राहिल्या, क्रँकशाफ्ट घडू लागले, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग जाऊ लागले. शहापूर-वडगावच्या मागांवर साड्या विणल्या गेल्या. कुंद्याचे पुडे मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या हाती दिले गेले. मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे एकाच भट्टीपाशी घाम गाळत होती. हे सगळे घडले आणि त्याची हकीगत फारच थोडी लिहिली गेली. किर्लोस्करांची आहे, कारण शंकररावांनी ती लिहिली. त्यांच्यानंतर या गावात ज्यांनी कारखाने काढले त्यांची कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या सभासदाचे निधन झाले. चाळीस वर्षे त्यांनी छोटी फौंड्री चालवली. दोन मुले बाहेरगावी नोकरीला. कारखाना बंद झाला, जागा विकली गेली. नातीला शाळेत 'माझे आजोबा' असा काही प्रकल्प होता. तिच्या वडिलांनी आम्हाला फोन करून विचारले, आमच्या बाबांच्या कारखान्याविषयी कुठे काही छापून आले होते का? आम्ही जुन्या स्मरणिका काढून बसलो. सापडले ते एवढेच: दरवर्षीचे पाव पान, कारखान्याचे नाव, पत्ता, फोनचा आधी चार आकडी, मग पाच, मग सहा आकडी नंबर, आणि खाली 'गणेशभक्तांना हार्दिक शुभेच्छा'. चाळीस वर्षांचा माणूस त्या नंबरांच्या आकड्यांत वाढताना दिसत होता. बाकी काही नाही.

त्या दिवशी वर्तमानपत्राला दोष देण्याचा आमचा उत्साह मावळला. पेपरने लिहिले नाही हे खरे. पण आम्ही तरी कुठे लिहिले? दरवर्षी त्यांच्याकडून पैसे घेतले, पावती दिली, चहा प्यालो आणि आलो. पहिले ओतकाम कसे फसले, पहिली ऑर्डर कोणाची, कामगार कुठून आले, हे विचारण्याचे आमच्या मनात आले नाही. तेही सांगत नव्हते. 'आपलं काय सांगायचं त्यात,' हा आपल्या माणसांचा स्वभावच आहे.

मग बातमी द्यायची कशी?

उद्यमबागेतल्या मालकांच्या प्रश्नाला आता थोडे उत्तर देता येईल असे वाटते. आम्ही गावातल्या दोन-तीन अनुभवी बातमीदारांनाही विचारले. त्यांचे बोलणे आणि जुना इतिहास यांचा मेळ चांगला बसला.

पहिली गोष्ट, बातमीदाराकडे जाताना 'आमच्याविषयी लिहा' असे म्हणून जाऊ नये. गावाचे काय बदलले ते घेऊन जावे. नवे यंत्र आले ही मालकाची आनंदाची गोष्ट. त्या यंत्रावर काम शिकलेली तालुक्यातली बारा मुले आता पुण्याला न जाता घरी राहतात, ही गावाची. पैसाफंडाच्या काचेत प्रत्येकाचा एक पैसा होता. तुमच्या हकिगतीत वाचकाचा पैसा कुठे आहे, तो आधी शोधावा.

दुसरी, आकडा द्यावा आणि तो खरा द्यावा. किती माणसे, किती माल, कोणत्या वर्षापासून. फुगवलेला आकडा बातमीदार एकदा छापतो. खोटा निघाला की पुन्हा फोन उचलत नाही.

तिसरी, स्वतःखेरीज बोलायला दुसरे कोणी असू द्यावे. जुना कामगार, गिऱ्हाईक, शेजारी. त्यांना पढवून ठेवू नये. लोखंडी नांगराची साक्ष शेतकऱ्याने दिली तेव्हाच ती पटली.

चौथी, फसलेले लपवू नये. दोन वर्षे नांगर खपले नाहीत, हे सांगितल्याने लक्ष्मणरावांचे काही कमी झाले नाही. उलट आज शंभराहून अधिक वर्षांनंतर आपल्याला त्यांच्या विक्रीचे आकडे आठवत नाहीत, ती दोन वर्षे आठवतात.

पाचवी व्यवहाराची. संध्याकाळनंतर पान लावण्याच्या घाईत कोणाला गाठू नये. सकाळी उशिरा किंवा दुपारी जावे. एका कागदावर दहा-बारा ओळींत हकीगत, नावे शुद्ध लिहिलेली, आपला फोन नंबर, आणि काम चालू असतानाचे एखादे छायाचित्र एवढे पुरते. हार घातलेले, सत्काराचे फोटो त्यांच्याकडे ढिगाने येतात. आणि आपल्या गावात राहायचे तर मराठी पत्राइतकेच कन्नड पत्राकडेही जावे. भट्टीपाशी उभा असलेला माणूस दोन्ही वाचतो.

शेवटची गोष्ट अवघड आहे. जाहिरात आणि बातमी यांचा सौदा करू नये. जाहिरात द्यायची असेल तर उघड चौकटीत द्यावी. त्यात कमीपणा काही नाही, या स्मरणिकेचा कागदही त्यावरच येतो. पण बातमी विकत घेतली की ती आपली राहत नाही आणि वाचकाचीही होत नाही. एखाद्या वेळी नकार येईल, दोनदा येईल. आमच्या ओळखीच्या एका बातमीदार बाई म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ कौतुक मागायला येतात. दहावा गोष्ट सांगायला येतो. त्याला मी बसवून घेते."

आमचा संकल्प

हा लेख लिहून झाल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही एक ठराव केला. पुढच्या वर्षापासून स्मरणिकेत दोन पाने विनामूल्य ठेवायची. त्यांत दरवर्षी गावातल्या एका जुन्या दुकानाची, मागाची किंवा कारखान्याची हकीगत द्यायची. ती मालकाने लिहायची नाही. आमच्यातले दोघे जाऊन विचारतील, मालकाला आणि कामगारालाही. त्या घराण्याची जाहिरात असो वा नसो. सुरुवात त्या बंद पडलेल्या फौंड्रीपासून करायची असे ठरले आहे. तिथे पस्तीस वर्षे काम केलेले मोल्डर काका आहेत. त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे आणि बोलायलाही ते उत्सुक आहेत. नातीचा प्रकल्प कधीच देऊन झाला. पण तिला अंक पाठवायचा आहे.

वाचकांना विनंती अशी की, घरात जुनी बिले, कॅटलॉग, कारखान्यासमोर काढलेले फोटो, वहीतल्या नोंदी असतील तर रद्दीत देण्याआधी मंडळात एकदा दाखवावे. गणराय विद्येची देवता, तसाच तो लिहून घेणाराही. व्यासांनी सांगितले आणि त्याने न थांबता लिहिले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारे आपल्या गावात अजून आहेत. लिहून घेणाऱ्यांनी उशीर करू नये, एवढेच मागणे त्याच्या चरणी मागतो.

गणपती बाप्पा मोरया!